दाराशी बसणारे

आत-बाशी गावात कुणाकडे लग्न निघालं, कुणाचं नातवंड पहिलं पाऊल टाकायला लागलं, कुणी सत्तरीचा झाला, की मेजवानीचं चित्रण करायला मेलिसला सांगावा जाई. आणि मेलिसला बोलावलं की त्याचा थोरला भाऊ जुमादिल न बोलावता येई. मेलिस एक कॅमेरा धरायचा, त्याची बायको सायकाल दुसरा धरायची, आणि नंतर घरी बसून त्या सगळ्याची फिल्म तीच तयार करायची. जुमादिल काय करतो, असं कुणी विचारलेलं त्याला खपत नसे, कारण त्याच्या मते उरलेलं सगळं तोच करत होता. गाडी त्याची, दिवे त्याचे, वायरी त्याच्या, आणि वायरींना अडखळणाऱ्या पाहुण्यांशी भांडणंही त्याचीच.

माणूस वाईट नव्हता. पण राग बारा महिने नाकाच्या शेंड्यावर. चहा गरम असला तर चहावर चिडायचा, निवला तर चहा करणारीवर. जगातली सगळी कामं आपल्याच गळ्यात पडतात आणि बाकीचे नुसते जेवतात, अशी त्याची पक्की समजूत होती. तंबूत पाहुणे मांड्या घालून बसले, मांसाची ताटं फिरायला लागली, की हा बाहेर जनरेटरपाशी उभा राहून कुणाच्या तरी नावानं शंख करत असायचा. कुणी "अरे, जेवून घे" म्हटलं की "नंतर!" हा एकच शब्द. त्या 'नंतर'चा मुहूर्त कधी लागलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

त्यांचे वडील, तेमिरकुल-अता, गेल्या शरदात गेले. उद्या त्यांचा आश होता, वर्षाचं मोठं जेवण. सगळं कूळ जमणार होतं. अंगणात नमद्याचे तंबू उभे राहिले होते, शेजारपाजारच्या कढया आल्या होत्या, आणि मधोमध मोठा पांढरा पडदा ताणलेला होता. या भावांनी गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांच्या आशला असं पडद्यावर आणलं होतं. स्वतःच्या बापाची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की अतांची वेगळी अशी फिल्म कुणी काढलेलीच नाही. सुताराच्या घरचा पाट मोडका, तशातली गत. लोकांच्या मेजवान्यांमध्ये इकडेतिकडे जे काही टिपले गेले असतील, तेवढेच अता आता शिल्लक होते.

सायकाल थोरल्या दिराला म्हणाली होती, "ते सगळं मी वेचून ठेवलंय, आके. त्याचीच फिल्म करू." पण त्याआधी वरच्या कुरणावरून आशसाठी घोडी आणि किमिझचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, बुधले आणायचे होते. ती आणि मेलिस सकाळीच निघाले. गाडीत बसता बसता ती वळून म्हणाली, "आके, कॉम्प्युटरची डिस्क काठोकाठ भरलीय. फिल्म करायला जागाच नाही. मी आले की जुन्या बॅकअपच्या प्रती काढून टाकते. तुम्ही मात्र हात लावू नका हं."

हात लावू नका! थोरल्या भासऱ्याला हे सांगायचं! गाडी वळणाआड गेली आणि जुमादिल कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही सांगायला हवं. ती बिचारी संध्याकाळी दमून येणार, मग कधी साफसफाई करणार आणि कधी फिल्म? आपण आत्ताच जागा करून ठेवली तर ती आल्या आल्या कामाला बसेल, असा साधा हिशेब. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते अशांनाच.

डिस्क उघडली आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. फोल्डरच फोल्डर. एकेका मेजवानीच्या तीन तीन प्रती. एकदा डिस्क जळाली होती आणि नवरीचा मामा चाबूक घेऊन दारात आला होता, तेव्हापासून सायकाल प्रत्येक गोष्ट तीनदा ठेवायची, हे त्याला माहीत होतं. पण ही नावं? 'लाल फाटक'. 'लाल फाटक, जुनी'. 'लाल फाटक, जुनी, खरी'. 'डावखुरे'. 'पाण्यापलीकडचा थोरला'. 'खोकणारे, दुसऱ्यांदा'. 'ज्यांनी घोडा विकला'. एकाही फोल्डरवर धडपणे माणसाचं नाव नाही!

"नाव लिहायला हात झिजतो का बाईचा?" तो कॉम्प्युटरवरच ओरडला. "कोण डावखुरे? कुणाचा घोडा?"

त्याला वाटलं, आधी अतांचं शोधून बाजूला काढावं, मग बाकीच्यावर झाडू फिरवावा. शहाणा विचार होता. त्यानं शोधायच्या चौकटीत एका बोटानं टाइप केलं, तेमिरकुल. कॉम्प्युटर थोडा वेळ गुरगुरला आणि म्हणाला, काही सापडलं नाही. त्यानं नुसतं तेमिर टाकलं. काही सापडलं नाही. मग स्पेलिंग बदलून पाहिलं, रशियन पद्धतीनं आडनाव टाकून पाहिलं. नाहीच.

म्हणजे अता इथं नाहीतच, त्यानं ठरवलं. सायकालकडे एक छोटी डिस्क असायची, ती पर्समध्ये घेऊन फिरायची. त्यातच असणार. किती हुशार आपण! मग इथला हा उकिरडा कशाला जपायचा? तो एकेक फोल्डर धरून डिलीट करत सुटला. लाल फाटक गेलं, डावखुरे गेले, घोडा विकणारे गेले. आणि तरी डिस्क भरलेली ती भरलेलीच! जागेची लाल पट्टी तसूभर हलेना. पुन्हा खटाटोप, पुन्हा शिव्या. शेवटी त्याला कळलं, की डिलीट केलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसलंय. घरातला केर दाराशी नेऊन ठेवायचा आणि झाडलं म्हणायचं, असला प्रकार. त्यानं डबाही रिकामा करायला घेतला. कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं पुसायचं का?

"मग काय, उसनं पुसायचं?" जुमादिल म्हणाला आणि बटण दाबलं.

फक्त एक फोल्डर त्यानं ठेवला. त्याचं नाव होतं 'दाराशी बसणारे'.

हे वाचून त्याचं बोट बटणावरच थांबलं होतं. तंबूत दारासमोरची आतली जागा मानाची. तिथं वडीलधारे. जसजसा मान कमी तसतसा माणूस दाराकडे सरकतो, आणि अगदी दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी, कोण बसतं? ज्याला कुणी विचारत नाही तो. आणि प्रत्येक मेजवानीत दाराशी कोण असतो, वायरी सांभाळत? घरातला थोरला मुलगा, जुमादिल तेमिरकुलोव्ह! म्हणजे बारा वर्षं तोंडावर "आके, आके" करणारी ही बाई मनात आपल्याला हे नाव ठेवून बसली होती. फोल्डर न उघडताच त्यानं तो तसाच ठेवला. संध्याकाळी मेलिससमोर, सगळ्यांसमोर, तिला तो दाखवायचा आणि विचारायचं, हे काय आहे? पुरावा कुणी पुसतं का?

एवढ्यात त्याची बायको झूराकान चहा आणि तळलेल्या बोर्सोकांची परात घेऊन आली. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"खाऊन घ्या चार. सकाळपासून पोटात काही नाही."

"नंतर! आधी हे बघ, केवढी जागा केली. अता इथं नव्हतेच. मी नाव टाकून शोधलं, एक फाइल सापडली नाही."

झूराकान पाहातच राहिली. "कुठलं नाव टाकलंत?"

"कुठलं म्हणजे? अतांचं. तेमिरकुल."

"अहो," ती म्हणाली, आणि परात हळूच खाली ठेवली. "सायकाल केलिन आहे या घरची. सून. ती सासऱ्याचं नाव लिहील?"

जुमादिलनं शोधायच्या चौकटीकडे पाहिलं.

"मी तरी घेतलंय का कधी? पंचवीस वर्षं झाली, खिळे ज्याचे करतात त्याचं नावसुद्धा या घरात मी घेतलेलं नाही, कारण अतांच्या नावात ते आहे. त्याचा तुकडा हवा असला तर 'ते टणक द्या' म्हणते. तुम्हाला काय वाटलं, मला ते म्हणता येत नाही?"

तेमिर म्हणजे लोखंड. पण त्याला खरं तर असंच वाटलं होतं. बायकांचं काहीतरी असतं, म्हणून त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"आणि नुसते सासरे नव्हे, तुमचे आजे, चुलते, थोरले भाऊ, सगळ्यांचीच नावं आम्हाला बंद. अर्धं गाव तुमच्या कुळाचं! नुसतं अता लिहावं, तर गावातला म्हातारा तेवढा अता! ती बिचारी लिहिणार तरी काय?"

"मग अतांना काय म्हणते ती?" त्यानं विचारलं.

"मी 'मोठ्या घरचे' म्हणते. तिचं मला काय माहीत? जी ती केलिन आपलं आपलं नाव शोधते." झूराकाननं कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथं आता पांढऱ्या माळरानासारखी मोकळी जागा होती. "काय काय काढलंत हो?"

सगळंच काढलं होतं. डावखुरे काढले होते. अता डावखुरे होते का? जुमादिल आठवायला लागला, पण त्याला आठवेना. बाप कोणत्या हातानं जेवायचा हे त्याला आठवेना! खोकणारे? शेवटी शेवटी अता खोकायचे. ज्यांनी घोडा विकला? मेलिसच्या कॅमेऱ्यासाठी अतांनीच तर करडा घोडा विकला होता. जे नाव आठवावं त्यात बाप दिसायला लागला. आणि प्रत्येक नाव त्यानं स्वतःच्या बोटानं पुसलं होतं, वर विनोद करून.

मग सुरू झाली ती धावपळ. नारिन शहरात फोन दुरुस्त करणारा एकजण होता, त्याला फोन लावला. तो म्हणाला, डबा रिकामा केलात? मग त्या डिस्कवर आता काही करू नका, मशीन घेऊन या, बघतो, पण आज लग्नाला आलोय, पुढल्या आठवड्यात. जुमादिलनं त्याला, त्याच्या लग्नाला आणि त्या नवऱ्यामुलाला जे काय म्हणायचं ते म्हटलं. मेलिसचा फोन लागेना. सायकालचा लागेना. वरच्या कुरणावर फोन लागतच नाही, एका टेकाडावर चढलं तर लागतो, हे माहीत असूनही तो अंगणात फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा लावत राहिला. वाटेत तंबूची दोरी आडवी आली, तिला लाथ मारली. दोरी बांधणाऱ्याला शिव्या दिल्या. बांधणारा तो स्वतःच होता. मोठा पांढरा पडदा वाऱ्यानं फडफडत होता, आणि उद्या सगळ्या कुळाला त्यावर काय दाखवायचं, या विचारानं जुमादिलला त्याच्याकडे बघवेना. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात. इथं झोपाही करायला काही उरलं नव्हतं.

ऊन कलल्यावर फोन वाजला. सायकाल होती. मागून वाऱ्याचा आणि घोडीच्या फुरफुरण्याचा आवाज येत होता.

"आके, सगळं ठीक? एवढे फोन?"

"अतांचं तू कशात ठेवलंयस?"

"तुम्ही हात लावलात?"

एरवी यावर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तो नुसता "हो" म्हणाला.

"काय काढलंत, ते सांगा."

"लाल फाटक."

"ते जाऊ दे. ते आपले पुलाजवळचे."

"पुलाजवळचे कोण?"

"अहो, ज्यांची गाय हरवली होती ते."

"कुणाची गाय? नाव घे ना, बाई! एकदाच घे! मी कुणाला सांगत नाही!"

"नाही हो घेता येत, आके," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "पुढचं सांगा."

"डावखुरे."

"ते खालच्या आळीतले. त्यांना फिल्म देऊन झालीय."

"खोकणारे. दुसऱ्यांदा."

"ते तुमचे चुलते. त्यांचं जुनंच होतं."

"घोडा विकणारे."

"ते..." वाऱ्यात तिचा आवाज गेला. जुमादिलनं फोन कानात घुसवायचा तेवढा बाकी ठेवला. "...माझ्या नणंदेचे सासरे. जाऊ दे. आके, आणि दाराशी बसणारे? तेही काढलंत?"

इथं मात्र त्याचा राग परत जागेवर आला. "ते नाही काढलं! मुद्दाम ठेवलंय! मला तुझ्याशी त्यावर बोलायचंच आहे. मी या घरचा थोरला, माझ्याच गाडीतून..."

"आहे ना ते? नक्की आहे?"

"आहे म्हटलं ना! पण तू मला..."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला, की रडल्यासारखा, त्याला कळलं नाही. "आके, ते तुम्ही नाही हो. तुम्ही माझ्याकडे 'आमचा आधार' या नावानं आहात, फोनमध्ये. दाराशी बसणारे म्हणजे..." वारा आडवा आला. "अता. आपले अता." आणि लाइन गेली.

जुमादिल आत येऊन बसला. एका बोटानं त्यानं फोल्डर उघडला.

पहिल्या तुकड्यात कुणाचं तरी लग्न होतं. मानाच्या जागी अता बसलेले, पांढरी उंच टोपी, पुढ्यात मानाचं मांसल हाड. बाकीचे खायला लागले. अतांनी हाड उचललं नाही. ते गुडघ्यावर हात टेकत उठले, ताटली घेतली, आणि बसलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढत दाराशी आले. तिथं चपलांच्या बाजूला बसले. रोटीचा मोठा तुकडा मोडून त्यांनी हाडावर झाकण घातलं आणि दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळानं दारातून वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला जुमादिल आत शिरला. तो स्वतःच, दहा वर्षांनी तरुण.

"अता! इथं काय बसलात? लोक काय म्हणतील? तुमची जागा तिकडे वर!"

"आधी चार घास खा, बाळा."

"नंतर!"

आणि तो गेला. अता बसून राहिले.

दुसऱ्या तुकड्यात हिवाळा होता. दाराशी वारा येत होता. अतांनी ताटली कोटाच्या आत धरली होती. जुमादिलचे पाय आले, गेले. "नंतर!" तिसऱ्यात अतांच्या हातात काठी आली होती. चौथ्यात सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती सैल झाली होती. जागा तीच, रोटीचं झाकण तेच, आणि तो शब्द तोच. कधी तो चित्रात दिसतही नव्हता, नुसता बाहेरून ओरडलेला ऐकू यायचा. एका तुकड्यात त्यानं बापाला दंडाला धरून उठवलं होतं आणि मानाच्या जागी नेऊन बसवलं होतं, सगळ्यांदेखत. अता निमूट बसले होते. कॅमेरा हलला, परत आला, तेव्हा मानाची जागा रिकामी होती.

शेवटचा तुकडा अता गेले त्याच उन्हाळ्यातला होता. कॅमेऱ्यामागून सायकालचा आवाज आला, "अता, चला ना, वर बसा. इथं वारा लागतो."

"बसू दे गं," अता म्हणाले. बाहेर जुमादिल कुणावर तरी आग पाखडत होता, ते स्पष्ट ऐकू येत होतं. अतांनी तिकडे मान वळवली. "तो ओरडतो ना, ते उपाशीपोटी. लहानपणापासून तसंच आहे त्याचं. पोटात पडलं की गप्प होतो बघ." मग त्यांनी रोटी उचलून खाली पाहिलं. "निवलं हे पण."

जुमादिल तोंडावर हात धरून ढसाढसा रडला. आशच्या आदल्या दिवशी घरात रडू येणाऱ्याला कुणी विचारत नाही. झूराकाननं दारातून पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी सायकाल आली, हातपाय धुऊन तशीच कॉम्प्युटरवर बसली. जागा भरपूर होती, हे तिनं मोठेपणानं बोलून दाखवलं. मग मागे न बघता म्हणाली, "आके, तुमचा आवाज मी कापून टाकते. अतांचाच तेवढा ठेवते. उद्या सगळं कूळ असेल."

"कापू नकोस."

"हसतील लोक."

"हसू देत." तो दाराकडे वळला. "आणि पुढल्या वेळी फोल्डरवर नावं लिहीत जा."

"ते नाही जमायचं, आके."

"मला कुठं जमतं कधी काही," तो पुटपुटला आणि दोऱ्या तपासायला गेला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर अता आले तेव्हा बायांनी हुंदके दिले. पहिल्या "नंतर!"ला माणसं खरंच हसली, कारण सगळ्यांना तो शब्द ओळखीचा होता. दुसऱ्यालाही हसली. मग हसू कमी कमी होत गेलं, आणि शेवटी अंगणात फक्त जनरेटरची घरघर राहिली. दुआ झाली, माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि मांसाची ताटं निघाली.

जुमादिल बाहेर जनरेटरपाशी होता. तेल संपत आलं होतं, डबा कुणी भलतीकडेच ठेवला होता, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात झूराकान ताट घेऊन आली. त्यावर रोटी झाकलेली होती.

"जेवून घ्या."

शब्द जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला. हात पायजम्याला पुसले, ताट घेतलं, आणि तंबूत जाऊन दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. थोरल्या मुलानं तिथं बसावं हे दोघातिघांना रुचलं नाही, वरून हाकाही आल्या. त्यानं मान हलवली आणि रोटी उचलली. मांस अजून गरम होतं.